एटीपी संपल्यावर स्नायू सैल का पडत नाही?

फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. स्नायूच्या आकुंचनाला एटीपीची, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, ऊर्जा लागते असे पुस्तक सांगते. मग मृत्यूनंतर एटीपी संपल्यावर स्नायू सैल पडायला हवेत, ते उलट ताठ का होतात? आणि दुसरे, तंतू एकमेकांवरून सरकतात हे कुणी पाहिले आहे का, की तो नुसता अंदाज आहे?

बरीच वर्षे मी शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे आणि त्याआधी सशाच्या स्नायुतंतूंवर काम केले आहे. हा विषय मुलांच्या हातून निसटतो तो नेमका या जागी, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे मला फार कौतुक वाटले. पुस्तकातल्या आकृत्यांत ओढणे ठळक असते, सुटणे कुठेतरी कोपऱ्यात. स्नायू ओढतो तेव्हा खर्च होतो आणि सैल पडतो तेव्हा खर्च थांबतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सोडायलाही एटीपी लागते. मायोसिन म्हणजे स्नायूत ओढ देणारे प्रथिन; त्याच्या एका रेणूपुरते बोलायचे तर एटीपीचे पहिले काम पकड सोडवण्याचेच आहे. हे पक्के धरले की मृतदेहाचा ताठरपणाच काय, गड उतरल्यावर दुखणाऱ्या मांड्या आणि हृदयाचा एक आनुवंशिक आजार यांचाही अर्थ लागू लागतो.

आधी एक प्रयोग सांगतो, कारण तुमचे उत्तर त्यात जसेच्या तसे दिसते. सशाच्या कमरेतल्या सोआस स्नायूच्या बारीक पट्ट्या काढून ग्लिसरीन आणि पाण्याच्या मिश्रणात शून्याखाली २० अंशांच्या आसपास ठेवतात. ही पद्धत आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९४९ मध्ये रूढ केली. काही आठवड्यांत पेशींची बाहेरची आवरणे निकामी होतात. आतले क्षार, एटीपी, कॅल्शियम सगळे वाहून जाते आणि ओढणाऱ्या प्रथिनांचा सांगाडा तेवढा उरतो. त्यातला केसाएवढा एक तंतू सुटा करायचा, एक टोक बल मोजणाऱ्या यंत्राला आणि दुसरे आकड्याला अडकवायचे. आता पेशीच्या आत काय असावे हे आपल्या हातात आले, कारण बाहेर जे द्रावण ठेवू तेच आत जाते.

एटीपी नसलेल्या द्रावणात हा तंतू ताठ असतो. किंचित ओढला तरी बल एकदम चढते. आता एटीपी आणि मॅग्नेशियम घाला, पण कॅल्शियमचा मागमूस राहू देऊ नका. तंतू लगेच सैल पडतो, ओढाल तसा लांबतो. त्याच द्रावणात कॅल्शियम सोडले की तो जोराने आखडू लागतो. आणि आता खरी पायरी: असा आखडलेला तंतू पुन्हा एटीपी नसलेल्या द्रावणात नेला, तर बल शून्यावर येत नाही. काहीही खर्च न करता तो तसाच धरून राहतो. ज्याने हे एकदा समोरच्या आलेखावर पाहिले, त्याला मृत्यूनंतरचा ताठरपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आत घडते ते असे. मायोसिनच्या प्रत्येक जाड तंतूत सुमारे ३०० रेणू असतात आणि प्रत्येक रेणूला दोन डोकी. ही डोकी शेजारच्या ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या बारीक तंतूला धरतात, १० नॅनोमीटरच्या आसपास ओढतात आणि सोडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना हात कसे चालतात ते आठवा. एक हात दोर घेऊन छातीशी आला की पुढचा दोर धरण्यासाठी त्याला आधीची पकड सोडावीच लागते, आणि तेवढा वेळ दुसरा हात पोहरा तोलून धरतो. दोन्ही मुठी आवळलेल्याच राहिल्या तर पोहरा वरही येणार नाही आणि खालीही जाणार नाही.

शिकागो विद्यापीठात लिम आणि एडविन टेलर यांनी १९७१ मध्ये या अभिक्रियांचे वेग मिलिसेकंदांच्या पट्टीवर मोजून त्यांचा क्रम लावला. एटीपी येऊन डोक्याला चिकटले की डोके ॲक्टिनपासून सुटते. एटीपी तुटून एडीपी आणि फॉस्फेट होते ते त्यानंतर, म्हणजे डोके मोकळे असताना, आणि त्या तुटण्याने डोके पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. मग ते ॲक्टिनला पुन्हा धरते, फॉस्फेट बाहेर पडते, त्याच सुमारास ओढ बसते, एडीपी निघून जाते, आणि डोके घट्ट चिकटून पुढच्या एटीपीची वाट पाहते. ते आलेच नाही, तर डोके तसेच अडकून राहते.

मृत्यूनंतर नेमके हेच होते. श्वास थांबल्याबरोबर स्नायूतले एटीपी संपत नाही. क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेन हे स्नायूतले ऊर्जेचे साठे काही काळ ते भरून काढतात. हे साठे आटले की कॅल्शियम आवरून ठेवणारे पंप थकतात, कॅल्शियम तंतूंमध्ये पसरते, डोकी ॲक्टिनला धरतात आणि त्यांना सोडवणारे कुणी उरत नाही. साधारण दोन-तीन तासांत पापण्या, जबडा इथून ताठरपणा जाणवू लागतो आणि बारा तासांच्या सुमारास सर्वांगभर असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळे लवकर घडते. मृत्यूपूर्वी झटके आले असतील किंवा जिवाच्या आकांताने धावपळ झाली असेल तरीही लवकर, कारण साठा आधीच खर्चलेला असतो. पुढे शरीर पुन्हा सैल पडते ते प्रथिनांचीच मोडतोड सुरू झाल्यामुळे. केंब्रिजमध्ये बेट-स्मिथ आणि बेंडल यांनी १९४७ मध्ये सशाच्या स्नायूत एटीपी घटत जाणे आणि ताठरपणा चढत जाणे बरोबरीने चालते हे दाखवले होते.

आता सरकण्याचे. १९५० च्या आसपास बऱ्याच जाणकारांचे मत असे होते की स्नायूतले लांबट प्रथिन स्वतःच घड्या पडून आखूड होते. विल्यम ॲस्टबरी यांनी लोकरीतल्या केराटिनवर क्ष-किरणांचे काम केले होते आणि मायोसिनही तसेच दुमडत असावे असे त्यांना वाटे. तर्क वावगा नव्हता. आखूड होणारी वस्तू आखूड होणाऱ्या तुकड्यांचीच बनलेली असणार, असे कुणालाही वाटेल.

सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूवर आडवे गडद आणि फिके पट्टे दिसतात हे तुम्ही पाहिले असेलच. गडद तो ए पट्टा, फिका तो आय पट्टा, आय पट्ट्याच्या मधोमध झेड रेषा, आणि एका झेड रेषेपासून दुसरीपर्यंत एक सार्कोमिअर, दोन-अडीच मायक्रोमीटरचा. आखडताना यातला कोणता पट्टा अरुंद होतो, एवढाच प्रश्न होता. पण अख्ख्या जाडसर स्नायुतंतूवर साध्या सूक्ष्मदर्शकातून पट्ट्यांच्या कडा फसव्या दिसतात. अँड्र्यू हक्सले यांनी त्यासाठी वेगळा इंटरफिअरन्स सूक्ष्मदर्शक स्वतः घडवला आणि केंब्रिजमध्ये रोल्फ नीडरगेर्के यांच्यासोबत बेडकाच्या एकेका जिवंत स्नायुतंतूवर मोजमापे घेतली. त्याच काळात अमेरिकेत एमआयटीमध्ये ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन सशाच्या स्नायूतल्या सुट्या केलेल्या तंतुकांवर काम करत होते. दोन्ही हक्सलेंचे एकमेकांशी नाते नाही, आणि पद्धतीही वेगळ्या होत्या. दिसले मात्र दोघांना एकच: ए पट्ट्याची लांबी कायम राहते, आय पट्टा अरुंद होतो. ह्यू हक्सले आणि हॅन्सन यांनी तीव्र क्षाराच्या द्रावणाने मायोसिन विरघळवून काढले तेव्हा ए पट्ट्याचा गडदपणाच नाहीसा झाला. म्हणजे जाड तंतू मायोसिनचे आणि ते ए पट्ट्यात; बारीक तंतू ॲक्टिनचे आणि ते झेड रेषेपासून निघून जाड तंतूंच्या मधल्या जागेत शिरणारे. कोणताच तंतू स्वतः आखडत नाही. दोन्ही लेख 'नेचर'च्या २२ मे १९५४ च्या अंकात लागोपाठ छापले गेले.

पट्टे मोजणे म्हणजे तंतू सरकताना पाहणे झाले का, असे तुम्ही म्हणाल तर ते बरोबर आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी १९६६ च्या प्रयोगाकडे नेतो. गॉर्डन, अँड्र्यू हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाचा एकच स्नायुतंतू वेगवेगळ्या लांबीवर रोखून त्याचे बल मोजले. बेडकाच्या स्नायूत जाड तंतू १.६ मायक्रोमीटर लांब असतो, आणि झेड रेषेच्या दोन्ही बाजूंचे बारीक तंतू मिळून सुमारे २.०५. बेरीज ३.६५. तेव्हा सार्कोमिअर ३.६५ मायक्रोमीटरपर्यंत ताणला की जाड-बारीक तंतूंची टोके एकमेकांपासून सुटणार आणि बल शून्य यायला हवे. तसे आले. तिथून लांबी कमी करत आणली की तेवढी जास्त डोकी ॲक्टिनच्या टप्प्यात येणार, म्हणून बल सरळ रेषेत वाढायला हवे. तसे वाढले. जाड तंतूच्या मधोमध डोकी नसलेला छोटा भाग असतो, त्यामुळे २.२ ते २.० च्या दरम्यान आणखी आत शिरून काही मिळणार नाही, बल स्थिर राहायला हवे. तेही राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आलेल्या लांबीवरून साधी बेरीज-वजाबाकी करून जिवंत स्नायूच्या बलाचे भाकीत करता येते, आणि ते जुळते. जीवशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा मला फार थोड्या ठिकाणी भेटला आहे. हाताची पकड मनगट पूर्ण वाकवल्यावर का ढिली होते, हे तुमच्या रोजच्या कामातले कोडेही याच आलेखाने सुटते.

आणि प्रत्यक्ष पाहण्याचा हट्टही पुढे पुरा झाला. १९८३ मध्ये मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पूडिच यांनी निटेला या पाणवनस्पतीची पेशी उघडून तिच्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांवर मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी सोडले. एटीपी दिल्यावर मणी धाग्यांवरून चालू लागले. १९९४ मध्ये फायनर, सिमन्स आणि स्पूडिच यांनी ॲक्टिनचा एकच तंतू लेसरच्या किरणांनी दोन्ही टोकांना पकडून एका मायोसिन रेणूचा एक झटका मोजला: सुमारे ११ नॅनोमीटर, तीन-चार पिकोन्यूटन. एटीपीची मात्रा कमी केली की डोके जास्त वेळ चिकटून राहते, हेही अशा मोजमापांत थेट दिसते. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणजे एकाच रेणूवर आलेले हे निरीक्षण.

रसायनाच्या बाजूने ही गोष्ट आधीच कळत आली होती. १९३९ मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा यांनी मायोसिन स्वतःच एटीपी तोडते हे दाखवले. युद्धाच्या काळात हंगेरीतल्या सेगेड इथे सेंट-जॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत इलोना बांगा यांना वेगळेच काही आढळले. स्नायूतून २० मिनिटांत काढलेले मायोसिन पातळ असायचे आणि रात्रभर ठेवून काढलेले दाट. दाटपणा आणणारे दुसरे प्रथिन ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये वेगळे केले, तेच ॲक्टिन. दोघांच्या दाट मिश्रणात एटीपी घातले की भरपूर क्षार असताना ते पातळ होई, म्हणजे दोन्ही प्रथिने एकमेकांपासून सुटत. क्षार कमी असताना त्याच मिश्रणाचे धागे आखडत. एकाच एटीपीने कधी सुटका, कधी ओढ. तेव्हा हे चक्रावणारे होते. टेलर यांचा क्रम हाती आल्यावर दोन्हींची संगती लागली.

मात्र इथे एक अडचण उरते, आणि चांगला विद्यार्थी ती विचारतोच. जिवंत स्नायूत एटीपी कायम हजर असते, मग तो कायम ओढत का राहत नाही? यावरचे संशोधन मला सगळ्यांत जवळचे वाटते. १९५१ मध्ये मार्श यांना दिसले की स्नायूच्या ताज्या रसात असे काहीतरी आहे ज्याने तंतुके सैल पडतात. त्याला शिथिलन घटक म्हणू लागले आणि पुढची दहा वर्षे अनेक जण त्या पदार्थाच्या मागे लागले. तसा विरघळणारा पदार्थ हाती आला नाही. तो घटक निघाला स्नायूच्या आतल्या जाळीदार पडद्याच्या, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, तुकड्यांचा. हे तुकडे काही सोडत नव्हते. ते द्रावणातले कॅल्शियम शोषून घेत होते. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी, जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे, अमेरिकेत ॲनमेरी वेबर यांच्या कामातून १९६० च्या आसपास हे स्पष्ट झाले. कॅल्शियमसारख्या साध्या आयनाकडे एवढी मोठी किल्ली असेल हे अनेकांना सहज पटले नाही. वास्तविक लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्येच दाखवले होते की बेडकाचे हृदय ऊर्ध्वपातित पाण्यातल्या मिठाच्या द्रावणात थांबते आणि नळाच्या पाण्यात धडधडत राहते, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते.

एबाशी यांनी पुढे कोडामा यांच्यासह १९६५ मध्ये ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले. कॅल्शियम बसते ते या ट्रोपोनिनवर. मग ॲक्टिनवरची जागा झाकणारे ट्रोपोमायोसिन बाजूला सरकते आणि ती जागा डोक्यांना मोकळी होते. आरामात असलेल्या पेशीत कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजार पटींनी कमी असते, आणि ते तसे ठेवण्यासाठी पंप एका एटीपीमागे दोन कॅल्शियम सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या आत ओढतात. स्नायू लांबी न बदलता ताण धरून असतो तेव्हा एकूण एटीपीच्या सुमारे एक तृतीयांश खर्च या पंपांवर होतो. सैल होणे दोन्ही अंगांनी खर्चिक आहे: डोके सुटायला एटीपी, आणि पुन्हा पकडू नये म्हणून कॅल्शियम आवरायलाही एटीपी.

लॅक्टिक ॲसिडबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण जिममध्ये अंग दुखले की लोक त्याच्यावर बोट ठेवतात, म्हणून सांगतो. १९२० च्या दशकात लॅक्टिक ॲसिड हेच आकुंचन घडवून आणते असा प्रमुख विचार होता. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल मिळाले ते स्नायूतली उष्णता आणि लॅक्टिक ॲसिड यांवरच्या कामासाठी. १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट शोधले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही ते सापडले होते. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या पुस्तकांत त्यांचे नाव या संदर्भात येत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. मग १९३० मध्ये कोपनहेगनच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी आयोडोॲसिटेट या रसायनाने लॅक्टिक ॲसिड तयार होणेच बंद केले, आणि तरीही स्नायू आखडत राहिला. फक्त क्रिएटिन फॉस्फेट संपत गेले. संपल्यावर तो सैल पडला का? नाही, ताठ झाला. हिल यांनी आपली मांडणी बदलावी लागते हे उघडपणे मान्य केले. १९५० मध्ये त्यांनीच जीवरसायनशास्त्रज्ञांना आव्हान दिले की जिवंत स्नायूच्या एका आकुंचनात एटीपी खरोखर घटते हे दाखवा. क्रिएटिन फॉस्फेट लगेच भरपाई करत असल्याने ती घट दिसतच नसे. १९६२ मध्ये केन आणि डेव्हिस यांनी ती भरपाई एका रसायनाने रोखली आणि घट मोजून दाखवली.

व्यायामात तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरातले रूप, साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. १९८३ च्या एका प्रयोगात काही जणांना सपाटीवर आणि काही जणांना उतारावर धावायला लावले. सपाटीवर लॅक्टेट वाढले आणि पुढे दुखले नाही. उतारावर लॅक्टेट फारसे वाढले नाही आणि पुढचे दोन दिवस स्नायू दुखले. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. राजगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते गड उतरल्यामुळे.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताण धरूनच लांबत जातो. डोक्यांनी ॲक्टिन धरलेले असते आणि शरीराचे वजन ते ओढून काढते. एटीपी येऊन सोडवण्याआधीच बरीच डोकी जबरदस्तीने सुटतात, म्हणून एटीपी कमी लागते. आणि तरी बल लांबी न बदलता धरलेल्या स्नायूच्या दीड पटीच्या वर जाऊ शकते. १९५२ मध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचे, दुसऱ्याने ती पेडले अडवायची. दोघांचे बल तेच, वेग तोच. अडवणाऱ्याला ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी लागला, इतका की लहानखुऱ्या बिगलँड तगड्या गड्याला सहज दमवत. हे सगळे पुनर्वसनासाठी फार उपयोगाचे आहे. हृदय किंवा फुप्फुसांचा रुग्ण, ज्याला धाप लागते म्हणून चढाचा व्यायाम झेपत नाही, त्याच्या पायांना उतरण्याच्या व्यायामातून चांगला भार देता येतो. पण हळूहळू. कारण थोड्या डोक्यांवर जास्त बल येते, काही सार्कोमिअर जास्त ताणले जातात, आणि झेड रेषा विस्कटतात. स्वीडनमध्ये १९८१ मध्ये वारंवार जिना उतरवलेल्यांच्या स्नायूंच्या तुकड्यांत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले होते. आठवड्याने तोच व्यायाम केला की दुखणे बरेच कमी होते. रुग्णाला हे आधी सांगा, नाहीतर पहिल्या दिवसानंतर तो परत येत नाही.

पायात येणाऱ्या गोळ्याला मात्र एटीपी संपण्याशी जोडू नका. तिथे गल्लत होते. रात्री पोटरीत येणारा नेहमीचा गोळा मज्जातंतूच्या अनावर संदेशांमुळे येतो. ईएमजीवर, म्हणजे स्नायूतल्या विद्युत संदेशांच्या आलेखावर, त्या वेळी भरपूर विद्युत हालचाल दिसते, आणि पाऊल वर ओढून ताण दिला की तो सुटतो. याउलट ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या आजारात स्नायूला ग्लायकोजेन फोडता येत नाही, लॅक्टेट वाढतच नाही, आणि श्रमानंतर आखडलेल्या स्नायूत विद्युत हालचाल नसते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. श्रमानंतर स्नायू आखडतो आणि लघवी गडद होते असे कुणी सांगितले, तर त्याला स्ट्रेचिंग शिकवून घरी पाठवू नये, डॉक्टरांकडे पाठवावे.

शेवटचा मुद्दा हृदयाचा, कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यांत मोठी झेप तिथे आहे. रक्तपुरवठा कमी पडला की हृदयाचे आधी बिघडते ते सैल पडणे, आकुंचन नंतर. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक आजारात हृदयाची भिंत जाड होते आणि ते नीट सैल पडत नाही. १९९० मध्ये हार्वर्डच्या सायडमन दांपत्याच्या गटाने एका कुटुंबात या आजाराचे मूळ मायोसिनच्या जनुकातल्या बदलात दाखवले. पुढे २०१० च्या सुमारास रॉजर कुक यांच्या कामातून कळले की आरामात असताना बरीच मायोसिन डोकी जाड तंतूशी दुमडून बसतात आणि अगदी थोडे एटीपी वापरतात. या आजारातल्या अनेक बदलांनी ही बसलेली डोकी उठतात आणि कामाला लागतात. मावाकॅम्टेन हे औषध त्यांना पुन्हा बसवते. अमेरिकेत त्याला एप्रिल २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते देताना इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, सतत लक्ष ठेवावे लागते, कारण डोकी जास्त बसली तर हृदयाचा जोरच कमी होतो. आपल्याकडे याला आणखी एक संदर्भ आहे. मायोसिनला लगाम घालणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरे गळालेली स्थिती भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळते, असे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी मिळून दाखवले. हे ज्यांच्यात आहे त्या सर्वांना आजार होतो असे नाही, पण उतारवयात हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो.

आता तुम्हाला एक काम सांगतो. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात बेडकाच्या पोटरीच्या एका आकुंचनाचा आलेख असतो, बहुतेक ठिकाणी आता संगणकावर. त्यात साधारण ०.०४ सेकंद चढ आणि ०.०५ सेकंद उतार असतो. सगळे चढाची उंची मोजतात. तुम्ही उतार मोजा. तापमान कमी केल्यावरचा आलेख आणि स्नायू थकल्यावरचा आलेख मूळ आलेखावर ठेवा. दोन्हींत उतार लांबलेला दिसेल, थकलेल्या स्नायूत तर आलेख मूळ रेषेवर परत येण्याआधीच पुढचा झटका येतो. थंडीत कॅल्शियमचे पंप आणि डोक्यांचे सुटणे दोन्ही मंदावतात. थकव्यात एटीपी संपलेले नसते, पण फॉस्फेट आणि एडीपी साचल्याने पंपांची गती उतरते. वहीत तीनही उतारांची लांबी मिलिसेकंदांत लिहा आणि प्रत्येकापुढे पंप आणि डोके यांपैकी कोण किती मंदावले असेल याचा अंदाज लिहा. तोंडी परीक्षेत परीक्षकांना ती वही दाखवा.